निळ्या आयरिसची लाल दाढी

बेबीला बहिणीची फुलं कधीच आवडली नाहीत. वास असून नसल्यासारखा. फूल उमललं की तीन दिवसांत मिटून ओल्या चिंधीसारखं दांड्याला लोंबायचं. बाकी वर्षभर मागच्या अंगणात नुसती तलवारीसारखी उभी पानं. त्या पानांसाठी ताई घरातलं सगळं ऊन अडवून बसली होती. दोरी बांधायची तर ती भिंतीच्या सावलीतल्या बाजूला, आणि कपडे वाळले नाहीत तर तो कपड्यांचा दोष.

बेबीची पन्नाशी उलटली होती, तरी ती बेबीच होती. नवऱ्याशी फाटल्यावर ती एक बॅग घेऊन ताईकडे आली, ती चार दिवसांसाठी म्हणून. ताईने लग्न केलंच नव्हतं. गावाला पाणी पुरवणाऱ्या कचेरीच्या प्रयोगशाळेत ती पाणी तपासायची आणि घरी आली की हात न धुता थेट वाफ्यात शिरायची. तिने बेबीला मागची खोली दाखवली, चादरी कुठे आहेत ते सांगितलं आणि पुन्हा त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही. का आलीस, किती दिवस, पुढे काय, काहीच नाही. बेबीला त्या न विचारण्याचं आधी बरं वाटलं. पुढे पुढे ते टोचायला लागलं. बेबीने ड्रायक्लीनिंगच्या दुकानात नोकरी धरली, तिथे डाग काढण्यात तिचा हात बसला, केस पिकले, आणि ते चार दिवस काही संपले नाहीत.

ताईची आयरिस दाढीवाली. खालच्या लोंबत्या पाकळीवर मधोमध केसाळ सुरवंटासारखा पट्टा असतो, त्याला दाढी म्हणायचं. बाजारातले संकरित कंद ताई लावायची, पण तिचा खरा जीव होता आपल्या हाताने संकर करण्यात. एका फुलातले पराग बारीक चिमट्याने काढायचे, दुसऱ्या फुलाच्या ओठावर पुसायचे आणि वाट बघायची. बोंड धरलं तर धरलं. बी पेरलं की पहिलं फूल दिसायला दोन वर्षं, कधी तीन. आणि एवढं करून दहातली नऊ रोपं ताई उपटून टाकायची.

तिच्या आवडत्या जातींना बेबीने आपल्याच मनाने नावं ठेवली होती. काळपट जांभळ्याला ती ‘दारोगा’ म्हणायची, फिक्या पिवळ्याला ‘लोणी’, आणि पांढरीशुभ्र दाढी असलेल्या करड्याला ‘आजोबा’. ताईला आधी राग यायचा. मग एक दिवस तीच म्हणाली, “आजोबांना कीड लागलीय, बघ जरा.” बेबी त्यावर आठवडाभर हसत होती.

ताईला हवं होतं फिकट निळं फूल आणि त्याला लालभडक दाढी. असं फूल जगात नव्हतं असं नाही, इतरांनी काढलं होतं. पण तिला ते आपल्या वाफ्यातलं, आपल्या चिमट्याने आलेलं हवं होतं. “निळ्याच्या मागे लागलं की दाढी पिवळी होते आणि दाढीच्या मागे लागलं की निळं मळतं,” ती सांगायची. आयुष्यातली दुसरी कुठलीही अडचण तिने एवढ्या सविस्तर कधी सांगितली नसेल.

मग तिच्या रक्तातल्या वाढत्या साखरेने डोळ्यांवर घाव घातला. पडद्यामागे रक्त उतरलं, सुया झाल्या, लेझर झालं, आणि शेवटी कडेकडेचा उजेड तेवढा उरला. शेवटचा संकर तिने अर्धवट दिसत असताना केला होता. भिंग डोळ्याला लावून, बेबीला फूल धरायला सांगून. “हलू नकोस. श्वास सोडू नकोस त्याच्यावर,” असं ओरडत. त्या बोंडाच्या बियांतून मोजकीच रोपं आली. एक सोडून बाकीच्यांनी आदल्या वसंतात फुलं दिली. तेव्हा ताईला कडेच्या उजेडात रंगाचा अंदाज यायचा. तिने फूल डोळ्याच्या कोपऱ्याशी नेलं, नाक मुरडलं, आणि एकेक रोप अंगणातल्या कचऱ्याच्या ढिगावर गेलं. ते एकच रोप फुललं नव्हतं. ते राहिलं.

हिवाळ्यात ताई वाफ्याच्या कडेला पाय अडकून पडली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली, पण खाटेवर पडून पडून छातीत कफ धरला. एक ताप उतरला की दुसरा चढायचा. डॉक्टर बेबीला बाहेर घेऊन जायचे आणि ‘वय’ हा शब्द वापरायचे. ताईला ते ऐकू यायचं. “कान शाबूत आहेत माझे,” ती आतून म्हणायची.

बेबी दुकान सुटलं की दवाखान्यात जायची. ताईचा पहिला प्रश्न ठरलेला.

“दांडा आला?”

“नाही अजून.”

“पानांच्या मुळाशी चाचपून बघ. पानांचा पंखा फुगल्यासारखा लागतो हाताला.”

मग एका सकाळी बेबीच्या हाताला तो फुगीरपणा लागला. काही दिवसांत दांडा वर आला, कळी आली. बेबी रोज दवाखान्यात जाऊन कळीची बातमी द्यायची, आणि ताई उशी पाठीला घेऊन बसायची. नर्स म्हणायची, “तुम्ही आलात की यांना बळ चढतं बघा.” बेबीला आतून बरं वाटायचं. आपल्यामुळे नाही, कळीमुळे चढतंय, हे तिला ठाऊक होतं, तरीही.

फूल उमललं ते सुट्टीच्या दिवशी. बेबी चहा न घेताच मागे गेली आणि उभी राहिली.

निळं नव्हतं ते. वरच्या उभ्या पाकळ्यांचा रंग तिने दुकानात शेकडो वेळा पाहिला होता. पांढऱ्या सदऱ्यावरचा चहाचा डाग दोनदा धुतल्यावर जसा उरतो तसा, आणि त्यात जांभळट झाक. खालच्या पाकळ्या अरुंद, गळून गेल्यासारख्या लोंबणाऱ्या. दाढी पिवळट, टोकाला जराशी तांबूस. बोटावर हळद राहून गेल्यासारखी. दांडाही जरा वाकडाच होता.

तरी ती हलली नाही. का कोण जाणे, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला एखादं आयरिस बघत राहावंसं वाटलं. बाकीची सगळी फुलं कशी नटून उभी असायची. हे बिचारं नुकतंच झोपेतून उठल्यासारखं, आपल्याला कुणी बघतंय हे माहीत नसल्यासारखं. सकाळच्या तिरप्या उन्हात त्या डागाच्या रंगातून शिरा दिसत होत्या, हातावरच्या दिसतात तशा. फोटो काढायचं तिला सुचलंच नाही. जिला बघायचं तिला दिसत नव्हतं, मग फोटो कुणासाठी?

फुलं वॉर्डात न्यायला मनाई होती. बेबी रिकाम्या हातांनी गेली. वाटेत बसमध्ये तिने ठरवून टाकलं होतं.

“उमललं,” ती म्हणाली.

ताईने दोन्ही हातांनी खाटेची कड धरली. “सांग.”

“निळं आहे.”

“कसलं निळं?”

“फिकट. छान आहे ताई. तुला हवं होतं तसंच.”

“मला काय हवं होतं ते मला माहीत आहे. तू कसलं निळं ते सांग. आभाळाचं, की शाईत पाणी घातल्यावर होतं ते?”

“आभाळाचं.”

“दाढी?”

“लाल.”

“टोकाला लाल, की घशापर्यंत?”

बेबी थबकली. घशापर्यंत म्हणजे कुठपर्यंत, हे तिने बघितलंच नव्हतं. “घशापर्यंत,” ती म्हणाली.

“खालच्या पाकळ्या आडव्या राहतात की लोंबतात?”

“आडव्या.”

“दांड्याला फांद्या किती? कळ्या किती अजून?”

“दोन... नाही, तीन. मोजल्या नाहीत गं मी.”

ताईने हळूच मान उशीवर टेकली. तिचा चेहरा एकदम सैल पडला. बेबीला वाटलं, समाधान झालं हिचं.

“लहानपणी कपबशी फोडलीस की असंच बोलायचीस,” ताई म्हणाली. “प्रत्येक गोष्टीला हो. आता खरं सांग.”

बेबीने खरं सांगितलं. चहाचा डाग सांगितला, जांभळट झाक सांगितली, हळदीचं बोट सांगितलं. शिरांचंही सांगायला गेली, पण ताईने हात वर केला.

“पुरे. उपटून टाक.”

“अगं, पण...”

“आजच टाक. आणि तुकडे करून टाक. नाहीतर ढिगातूनही उगवतात, मेली चिवट असतात.”

“इतकं काही वाईट नाहीये ते.”

“वाईट असतं तर ठेवलं असतं. वाईटातून कधी कधी काही निघतं. हे सामान्य आहे. सामान्य फूल नुसतं वाफा अडवून बसतं.”

पलीकडच्या खाटेवरच्या बाईने कूस बदलली. बेबीच्या तोंडून निघालं ते आधी ठरवलेलं नव्हतं, पण अनेक वर्षं तयार असल्यासारखं सफाईने निघालं.

“मग मागच्या खोलीतलंही कधीच उपटून टाकायचं होतंस ना! तेही अडवूनच बसलंय.”

“मी फुलाबद्दल बोलतेय.”

“मला कळतंय तू कशाबद्दल बोलतेयस.”

“तुला कधीच कळलं नाही,” ताई म्हणाली आणि तिला खोकला सुटला. खोकला थांबेना तेव्हा नर्स आली, तिने ताईला बसतं केलं, पाठीवर चोळलं आणि बेबीला खुणेनेच आता निघा म्हटलं.

घरी येईपर्यंत बेबीच्या डोक्यात नुसतं रटरटत होतं. तिने चपलाही काढल्या नाहीत. फावडं घेतलं, वाफ्यात गेली आणि त्या रोपाच्या मुळाशी घातलं. कंद आल्याच्या गड्ड्यासारखा वर आला, मातीसकट. फूल अजून ताजं होतं. ढिगाजवळ नेऊन तिने फावड्याच्या पात्याने त्याचे तुकडे केले, एकावर एक घाव घालत, सांगितलं होतं तस्संच. “घे,” ती म्हणत होती, “घे, झालं तुझ्या मनासारखं.” मग हात धुतले, जेवली, आणि बऱ्याच दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुकानात इस्त्रीची वाफ चेहऱ्यावर घेताना तिचा राग उतरला. संध्याकाळी तिने ताईसाठी मोसंबी घेतली. ताईला ऑक्सिजनची नळी लावली होती. ती आदल्या दिवसापेक्षा लहान दिसत होती. बेबीने मोसंबी सोलली, साली कागदात गुंडाळल्या.

बऱ्याच वेळाने ताई म्हणाली, “टाकलंस?”

“हो.”

“तुकडे करून?”

“हो. तू सांगितलंस तसं.”

ताईने तोंड भिंतीकडे केलं. दिसत नव्हतं तरी ती रागावली की भिंतीकडेच वळायची. पण हा राग नव्हता. तिचा हात चादरीवर उगाच काहीतरी शोधत होता.

“मला वाटलं होतं, तू नाही टाकणार,” ती म्हणाली.

बेबीच्या हातातली फोड तशीच राहिली.

“इतक्या वर्षांत माझं एक ऐकलं नाहीस. म्हटलं दोरी उन्हात बांधू नकोस, एकदा बांधलीसच. म्हटलं आजोबा म्हणू नकोस, म्हणालीस. नेमकं हेच बरं ऐकलंस.”

“अगं, तूच म्हणालीस ना, सामान्य आहे...”

“म्हणाले. मी तसंच म्हणते. सगळ्यांनाच म्हणते.” तिला दम लागला. मग म्हणाली, “शिरांचं काय सांगत होतीस काल?”

“उन्हात शिरा दिसत होत्या. हातावरच्या असतात तशा.”

“असं मी कधी पाहिलं नाही,” ताई म्हणाली. “मी आधी दाढीच बघते.”

बेबी वेळ संपायच्या आधीच उठली. अजून उजेड होता. घरी येऊन तिने दोन्ही हातांनी ढीग उपसला. वाळका पाला, भाजीची देठं, चहाचा चोथा. कंदाचे तुकडे सापडत होते, पण त्या ढिगावर हिवाळ्याआधी वाफे विरळ करताना काढलेले जुने कंदही होते. सगळे सारखेच. तपकिरी, गाठाळ, मातीने माखलेले. ताज्या घावाची पांढरी कड दिसेल त्यावर ती ओळखू बघत होती, पण तिचं फावडं त्या रागात जुन्या कंदांवरूनही फिरलं होतं. फूल मात्र सापडलं. पाकळ्या एकमेकींना चिकटून काळ्या पडल्या होत्या. कुठल्याच तुकड्याला दांडा उरला नव्हता.

त्यातल्या त्यात एक तुकडा तिला खात्रीचा वाटला. त्याला पानांचा छोटा कोंब होता आणि कड ओली होती. तिने तो जुन्याच खड्ड्यात लावला, कंदाची पाठ उन्हाला उघडी ठेवून, ताई लावायची तसा.

पुढच्या भेटीत तिने सांगितलं. “मिळाला गं तुकडा. लावला.”

ताईने डोळे उघडले नाहीत. तोपर्यंत ती तापात होती, आणि ऐकू जात होतं की नाही ते कुणी सांगू शकत नव्हतं. बेबीने तिच्या कानाशी वाकून पुन्हा सांगितलं. मग ती रोजच सांगायची. पान हललं, पान वाढलं, कीड नाही. काही दिवसांनी पहाटे दवाखान्यातून फोन आला. बेबी पोचली तेव्हा नळी काढून ठेवली होती, आणि पलीकडच्या खाटेवरची बाई डोळ्यांना पदर लावून बसली होती.

बहर संपल्यावर नर्सरीवाला टेम्पो घेऊन आला. आपल्यामागे सगळे कंद त्याने न्यावेत, असं ताईने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. कमी बोलणारा, भल्या स्वभावाचा माणूस. दारोगा, लोणी, आजोबा असे वाफे दाखवताना बेबीच्या तोंडून तीच नावं निघाली, आणि त्याने तीच पाट्यांवर लिहून घेतली. कोपऱ्यातल्या एकट्या रोपाशी तो थांबला.

“हे?”

“हे राहू दे. हे तिचं शेवटचं.”

“निळ्याचं का? बोलल्या होत्या मला. आलं होतं का हो मनासारखं?”

“नाही,” बेबी म्हणाली. त्यानेही पुढे विचारलं नाही.

ते रोप जगलं. दुसऱ्या हिवाळ्यानंतर त्याला दांडा आला. बेबीने दुकानातून रजा घेतली. आयुष्यात एखाद्या फुलासाठी रजा घेणाऱ्या माणसांना ती हसली असती. तिने नर्सरीवाल्यालाही फोन करून बोलावलं. एकटीने बघायची तिची छाती नव्हती.

फूल उमललं. जांभळं. सगळ्यांच्या फाटकापाशी असतं तसं, साधं, टवटवीत, भरदार जांभळं. पांढरी दाढी. वाकडं नाही, मळकं नाही, शिरांचं नाव नाही. ढिगातल्या जुन्या कंदाचाच तुकडा होता तो. ज्या तुकड्याची बातमी ती ताईच्या कानाशी वाकून देत राहिली होती, तो हाच.

नर्सरीवाल्याने फुलाकडे पाहिलं, बेबीकडे पाहिलं. “ते हे नव्हे,” तो हळू आवाजात म्हणाला.

“नव्हे.”

“कसं होतं ते? माझ्याकडे तसलं काही निघालं तर आणून देईन.”

बेबी सांगायला लागली. वरच्या पाकळ्या अशा, खालच्या अशा, लोंबत्या. रंग चहाच्या डागाचा. “म्हणजे, अगदी तसा नाही,” ती म्हणाली, “थोडा निळसर होता.”

बोलून गेली आणि तिच्याच लक्षात आलं. निळसर नव्हता तो. निळ्याचा मागमूस नव्हता त्यात. ते फूल जगात एकाच माणसाने पाहिलं होतं, एकाच सकाळी, आणि त्या माणसाला ते आता नीट आठवत नव्हतं. तिने डोळे मिटून तो रंग पुन्हा आणायचा प्रयत्न केला. जांभळट झाक आली, शिरा आल्या, पण दर वेळी त्यामागून ते आभाळाचं निळं वर येत होतं.

“निळसर,” नर्सरीवाला मान हलवत म्हणाला. “आणि दाढी?”

बेबी वाकली आणि त्या जांभळ्या फुलाची पांढरी दाढी बोटाने चाचपू लागली. नर्सरीवाला फाटक लोटून टेम्पोकडे गेला.